आयटिल ४ फाउंडेशन: इन्सिडंट आणि प्रॉब्लेम यांत माझी गल्लत नेमकी कुठे होतेय?

सुपारीची_वाडी

नमस्कार. मी वेळणेश्वरच्या बाजूला राहते. पुण्यातल्या एका कंपनीच्या सर्व्हिस डेस्कवर घरूनच काम करते, त्याला आता चार वर्षं झाली. आयटिल ४ फाउंडेशनची, म्हणजे आयटी सेवा कशा चालवायच्या त्याच्या कार्यपद्धतीवरची पायाभूत परीक्षा २२ दिवसांवर आली आहे. सराव परीक्षा तीन दिल्या: २२, २४, पुन्हा २३. पास व्हायला ४० पैकी २६ लागतात, म्हणजे दोन-चार मार्कांचाच प्रश्न आहे, असं घरचे म्हणतात. मला तसं वाटत नाही. चुकणारे प्रश्न तेच ते आहेत, आणि बरोबर उत्तर वाचूनही ते पटत नाही. म्हणजे मुळातच काहीतरी कळलेलं नाही.

पहिली अडचण इन्सिडंट (सेवेत अनपेक्षित पडलेला खंड किंवा घसरलेला दर्जा) आणि प्रॉब्लेमची. माझ्या वहीत आहे, ‘प्रॉब्लेम म्हणजे इन्सिडंटमागचं अज्ञात कारण’. त्याच्याखाली नोन एरर. कारण कळलं म्हणजे ते अज्ञात राहिलं नाही. मग नोन एरर हा प्रॉब्लेम उरतो का? सराव परीक्षेत ‘उरतो’ हे बरोबर धरलंय. का ते कळत नाही.

दुसरी अडचण युटिलिटी आणि वॉरंटीची. वॉरंटी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मिक्सरचं कार्ड येतं. तिसरी, आउटपुट आणि आउटकम. व्याख्या घडाघडा म्हणून दाखवीन, पण प्रसंग दिला की चुकते.

एवढं खोलात का विचारतेय तेही सांगते. एका गोदामातले बारकोड स्कॅनर दर सोमवारी सकाळी नेटवर्कवरून उडतात. मी अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरलेस नेटवर्कचं यंत्र) रीस्टार्ट करून देते, वीसेक मिनिटांत काम सुरू होतं, तिकीट (तक्रारीची नोंद) बंद. चार तासांची मुदत असते, त्यामुळे महिन्याच्या अहवालात माझ्या नावापुढे सगळं हिरवं. तीन महिन्यांत अशी ११ तिकिटं झाली. मागच्या सोमवारी तिथला सुपरवायझर म्हणाला, “ताई, तुम्ही दर वेळी चालू करून देता, पण हे थांबणार कधी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर या अभ्यासात आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून नुसतं पाठ करून सुटायचं नाहीये.

खाडीकाठ

ताई, आधी एक विचारतो. तुमची वही कुठल्या नोट्सवरून उतरवली आहे? ‘अज्ञात कारण’ हे शब्द जुन्या तिसऱ्या आवृत्तीतल्या वळणाचे आहेत. आयटिल ४ आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये, आणि त्यात प्रॉब्लेमची व्याख्या आहे: एका किंवा अनेक इन्सिडंटचं कारण किंवा संभाव्य कारण. ‘अज्ञात’ची अट तिथे नाहीच. नोन एरर म्हणजे ज्याचं विश्लेषण झालंय पण जो सुटलेला नाही असा प्रॉब्लेम. कारण सापडल्याने प्रॉब्लेम संपत नाही, कारण दूर झाल्यावर संपतो. तुमची शंका बरोबर होती. दोन आवृत्त्यांची वाक्यं एकाखाली एक लिहिली गेली आहेत म्हणून ती जुळत नाहीत.

वहीत स्ट्रॅटेजी, डिझाइन, ट्रान्झिशन, ऑपरेशन असे टप्पे असतील तर ती पानं बाजूला ठेवा. ४ मध्ये सर्व्हिस व्हॅल्यू सिस्टिम (सगळे भाग मिळून मूल्य कसं घडवतात त्याचा आराखडा) आहे आणि ३४ प्रॅक्टिसेस (कामाच्या पद्धती) आहेत. घाबरू नका, फाउंडेशनला त्यातल्या १५ च लागतात, आणि त्यातल्याही सातच खोलात: कंटिन्युअल इम्प्रूव्हमेंट, चेंज एनेबलमेंट, इन्सिडंट, प्रॉब्लेम, सर्व्हिस रिक्वेस्ट, सर्व्हिस डेस्क आणि सर्व्हिस लेव्हल मॅनेजमेंट. ४० पैकी १७ प्रश्न या सातांवर येतात. उरलेल्या आठांचा उद्देश ओळखता आला की पुरे.

आता युटिलिटी-वॉरंटी. मुंबईत १७ वर्षं याच कामात काढून मी आता दाभोळला घरी असतो, त्यामुळे उदाहरण समोरच्या खाडीतलंच देतो. तुम्हाला स्कूटर घेऊन दापोलीला यायचंय. धोपाव्याहून फेरीबोटीत चढता, दाभोळला उतरता. ती नसती तर चिपळूण, खेड असा सगळा वळसा. फेरी माणसं आणि गाड्या पलीकडे नेते, ही तिची युटिलिटी: ती काय करते. नुसती होडी असती तर तुम्ही गेला असता, स्कूटर राहिली असती. म्हणजे तुमच्या कामापुरती युटिलिटी अपुरी. आता फेरी आहे, पण तुम्हाला सकाळी आठला जायचंय आणि त्या वेळी ती सुटतच नाही, किंवा सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग एवढी की दोन फेऱ्या थांबावं लागतं. हा वॉरंटीचा प्रश्न: ती कशी करते. उपलब्धता, क्षमता, सुरक्षितता आणि खंड पडला तर पुन्हा सुरू होण्याची सोय, या चारांपैकी काही प्रश्नात आलं की वॉरंटी. मिक्सरचं कार्ड विसरा.

सर्व्हिसची व्याख्याही (विशिष्ट खर्च आणि जोखीम स्वतः न सांभाळता हवा तो परिणाम मिळवून देणं) इथेच कळते. तुम्हाला पलीकडे पोचायचंय. बोट विकत घेणं, डिझेल, खलाशी, भरती-ओहोटीचा अंदाज यांतलं काही तुम्ही सांभाळत नाही. तो विशिष्ट खर्च आणि ती विशिष्ट जोखीम दुसऱ्याने घेतली. ‘विशिष्ट’ हा शब्द सोडू नका. तिकिटाचा खर्च तुमचाच आहे, आणि वेळेत जेटीवर न पोचण्याची जोखीमही तुमचीच.

देवगड_पेटी

आउटपुट-आउटकमबद्दल मी सांगतो, कारण आमचा धंदाच तो आहे. आम्ही हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. पेटी ठाण्याला दारात पोचली, हे आउटपुट. अक्षय तृतीयेला त्या घरात आमरस झाला, हे आउटकम. पेटी पोचूनही आमरस होत नाही असं होतं. आम्ही पाठवतो ते फळ कच्चं असतं, ते गवतात अढी घालून पिकवायला लागतं. एका बाईंनी पेटी आली तशी फ्रिजमध्ये ठेवली, आंबे पिकलेच नाहीत. आमच्याकडून माल उत्तम गेला होता. तेव्हापासून पेटीत एक कागद घालतो आणि पोचल्यावर फोनही करतो.

आयटिल ४ मध्ये व्हॅल्यू ‘देतात’ असं नाही म्हणत, देणारा आणि घेणारा दोघं मिळून ‘घडवतात’ म्हणतात, ते मला त्या पेटीनंतर कळलं. (मी ही परीक्षा दिली ती आधीच्या नोकरीत असताना. बाग सांभाळायला परत आलो, पण अभ्यास वाया गेला नाही.)

प्रश्नात बनवलेली, पाठवलेली, बसवून दिलेली वस्तू दिसली की आउटपुट. त्यामुळे माणसाचं जे काम झालं ते आउटकम. तुमच्या गोदामात रीस्टार्ट झालेला अ‍ॅक्सेस पॉइंट हे काय, आणि सोमवारी ट्रक वेळेत भरून सुटणं हे काय, ते तुम्हीच सांगा.

मालवणचो_झील

घाबरू नको, होतला सगळा! मी गेल्या पावसाळ्यात दिली. दोन गोष्टी. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नको. वेळ ६० मिनिटं असते. परीक्षेची भाषा तुमची मातृभाषा किंवा कामाची भाषा नसेल तर २५ टक्के जादा वेळ मिळू शकतो, पण ते आधी बघून ठेवायचं असतं, बसल्यावर नाही. आणि घरून देणार असशील तर लाईटचा विचार कर. कॅमेऱ्यावर लक्ष ठेवतात, मध्येच नेट गेलं तर डोकं जाग्यावर राहत नाही. मी कुडाळला मित्राच्या ऑफिसात जाऊन दिली, इन्व्हर्टर होता म्हणून.

सुपारीची_वाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. वही तपासली. खरंच पहिली ३० पानं ऑफिसातल्या एका सीनियरच्या जुन्या नोट्सवरून उतरवलेली होती. ती वेगळी काढली.

खाडीकाठ काका, तुमच्यासारखं मीही घरातलं उदाहरण घेऊन बघितलं, तपासून द्या. आमच्या विहिरीवरची मोटार पावसात ट्रिप होते आणि टाकी रिकामी राहते: इन्सिडंट. बाबा जाऊन स्टार्टर पुन्हा दाबतात, पाणी चढतं: इन्सिडंट सुटला. दर जुलैत असं का होतं हे बघायला वायरमनला बोलावलं, तेव्हा कळलं की फणसाखाली केबलला जॉइंट आहे आणि त्यात पाणी शिरतं: नोन एरर. नवीन अखंड केबल गुहागरात मिळाली नाही, चिपळूणहून आणायची आहे. तोवर जॉइंटला रबर आणि प्लास्टिक गुंडाळून तो दगडावर उचलून ठेवलाय: वर्कअराउंड (तात्पुरता उपाय). आता मोटार ट्रिप होत नाही, म्हणून प्रॉब्लेम बंद. बरोबर?

आणि केबल बदलणं हा आयटिलमधल्या चेंजच्या (बदलाच्या) प्रकारांपैकी कुठला?

देवगडकर दादा, रीस्टार्ट आउटपुट, ट्रक सुटणं आउटकम. लिहिताना पोटात कालवलं, कारण ११ सोमवार ट्रक उशिरा सुटले आणि माझा अहवाल हिरवा होता.

खाडीकाठ

‘प्रॉब्लेम बंद’ हे वाक्य सोडून सगळं बरोबर, आणि परीक्षेतही नेमके तिथेच मार्क जातात. प्लास्टिक गुंडाळल्याने परिणाम थांबला, जॉइंट तिथेच आहे. म्हणून प्रॉब्लेम उघडाच, नोन एरर या स्थितीत. समजा केबल इतकी महाग निघाली की बदलणं परवडतच नाही, तर वर्कअराउंडवरच कायम चालवायचं असं ठरवता येतं, आयटिलला ते मान्य आहे. तरीही नोंद नोन एरर म्हणूनच राहते. आणि तो वर्कअराउंड लिहून ठेवायचा, म्हणजे बाबा घरी नसताना आईलाही मोटार चालू ठेवता येईल.

केबल बदलणं हा नॉर्मल चेंज: आधी विचार करायचा, ज्याला अधिकार आहे त्याने होकार द्यायचा, दिवस ठरवायचा. टाकी महिन्याला धुता, ती कशी धुवायची हे ठरलेलं, धोका कमी, दर वेळी कुणाला विचारत नाही: स्टँडर्ड चेंज. घरात लग्न, मांडव पडलाय, आणि त्याच दिवशी केबल जळली तर इमर्जन्सी. तेव्हाही होकार लागतोच, फक्त झटपट घ्यायचा. ‘इमर्जन्सी म्हणजे मंजुरीशिवाय’ असा पर्याय दिसला तर तो चूक.

हिरव्या अहवालाबद्दल. याला आयटिलमध्ये कलिंगडाचं नाव आहे: बाहेरून हिरवं, आत लाल. एसएलएत (सेवेच्या पातळीबद्दल ग्राहकाशी झालेल्या करारात) नुसता तिकीट बंद करण्याचा वेळ मोजला की असंच होतं. त्यात तुमचा दोष नाही, मोजमाप अपुरं आहे. पण तो सुपरवायझर जे बोलला ते तुमच्या अहवालात कुठेतरी दिसायला हवं, आणि ते फोन तुम्हीच घेता, त्यामुळे ते तिथवर न्यायला तुमच्याइतकं जवळ दुसरं कुणी नाही.

सुपारीची_वाडी

काल चौथी सराव परीक्षा दिली, ३३. चुकलेल्या सातांपैकी चार गायडिंग प्रिन्सिपल्सचे (मार्गदर्शक तत्त्वांचे) आहेत, ते आता घेते.

आज सकाळी टीम लीडशी बोलून त्या गोदामाच्या नावाने प्रॉब्लेम रेकॉर्ड उघडला आणि अकराच्या अकरा तिकिटं त्याला जोडली. जोडताना पहिल्यांदा सगळ्या वेळा एका खाली एक दिसल्या: सहा चाळीस ते सहा पन्नासच्या मधे, एकही बाहेर नाही. नेटवर्कवाल्यांकडे त्या दहा मिनिटांचे लॉग (यंत्रांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी) मागितले आहेत. सुपरवायझरना फोन करून सांगितलं की या सोमवारीही कदाचित होईल, पण या वेळी आम्ही आधीपासून बघत असू.