गिअरवाली स्कूटर म्हणा नाहीतर काही म्हणा, मी फ्लोअरबोर्ड बसवणार!

घोडबंदरी (धागाकर्ता)

परवा क्रूझर मोटरसायकलींच्या चर्चेत पेगपंथी या आयडीने लिहिलं, "मीटिअरला फ्लोअरबोर्ड बसवणारे आणि स्कूटरवाले यांत फरक एवढाच, की स्कूटरवाल्यांना पुढे पिशवी ठेवता येते. ज्याला पाय ठेवायला फळी लागते त्याने शिवनेरीने जावं." खाली टाळ्या पिटणाऱ्यांची ही रांग. (नवख्यांसाठी: मीटिअर म्हणजे रॉयल एनफील्डची क्रूझर; पेग म्हणजे पाय ठेवायची आखूड दांडी; फ्लोअरबोर्ड म्हणजे तिच्या जागी अख्खा पाय मावेल अशी फळी.) तिथे उत्तर दिलं असतं तर त्या गदारोळात कुणी वाचलं नसतं, म्हणून वेगळा धागा.

साहेब, तुम्ही ठाण्याहून निघून पेण, माणगाव करत खाली उतरला आहात का कधी? तळव्याचा मधला भाग दोन-तीन बोटं रुंद पेगवर टेकलेला असतो. सिंगल सिलिंडरची थरथर सगळी तिथूनच चढते. आधी करंगळीकडच्या बाजूला मुंग्या, मग घोटा, मग गुडघा. पाय हलवायला जागाच नाही. मग लोक काय करतात? क्रॅश गार्डवर पाय टाकून आरामात ऐंशीने जातात. समोर म्हैस आली की तिथून ब्रेकवर पाय कधी यायचा? त्यांना कुणी शिवनेरीत बसवत नाही!

बोर्डवर टाच मागे घेतली की गुडघा दुमडतो, पुढे सरकवली की सुटतो. आणि तेही ब्रेक पेडलपासून लांब न जाता. माझी मागणी एवढीच आहे. मीटिअर ३५० ला टाचेने गिअर टाकायचा लिव्हर कंपनीतूनच येतो, त्यामुळे बोर्ड बसवल्यावर लिव्हरखाली बोटं कशी घालायची हा प्रश्नही नाही.

आता मुद्द्याचं. फूटभर लांब, चार इंच रुंद, वर रबर, आणि खालून लागलं तर वर दुमडणारे बोर्ड हवेत. ऑनलाइन 'सगळ्या गाड्यांना बसतील' म्हणून मिळतात ते घ्यावेत की इथेच कुणाकडून बनवून घ्यावेत? ज्यांनी वापरलेत त्यांनी लिहा. ज्यांनी फक्त फोटो पाहिलेत त्यांनीही लिहा, ते थांबणार नाहीतच.

पेगपंथी

अख्खा धागा आमच्या नावे अर्पण केल्याबद्दल आभार. शिवनेरीचं वाक्य मागे घेत नाही.

तुम्ही पाय कुठे ठेवायचा एवढंच बघताय. पेगवर उभंही राहता येतं, हे विसरलात. घोडबंदर रोडवर, गायमुखच्या चढाला, रात्री पाण्याने भरलेला खड्डा आला की मी पेगवर जोर देऊन बूड इंचभर उचलतो. धक्का गुडघे खातात. बोर्डवाला पाय पुढे पसरून खुर्चीत बसल्यासारखा बसतो, त्याला उठताच येत नाही. धक्का थेट माकडहाडाला. तुमच्या मुंग्या तासाभराने जातात, मणक्याची चकती सरकली की दुखणं जात नाही. माझ्या मावसभावाला विचारा, पट्टा बांधून हिंडतोय.

दुसरं म्हणजे जॅम. कापूरबावडीला रिक्षा आणि डिव्हायडरच्या मधून ती फळी कशी काढणार ते एकदा दाखवा. आणि गाडी पायाने मागे रेटताना बोर्डची मागची कड नडगीवर बसते तेव्हा तोंडातून जे शब्द निघतात ते इथे लिहिता येत नाहीत.

तुर्भे_एमआयडीसी

फॅब्रिकेशनचा धंदा आहे, म्हणून बोलतो. तुम्ही दोघंही फळीबद्दल भांडताय. फळी कधी तुटत नाही. तुटतं ते ब्रॅकेट.

पेगवर वजन फ्रेमच्या जवळ पडतं. बोर्डला तेच वजन चार बोटं बाहेर आणि वीतभर पुढेही पडतं, म्हणजे त्याच बोल्टवर पीळ कितीतरी जास्त. त्यात आपले लोक बोर्डच्या बाहेरच्या कडेवर पाय देऊन गाडीवर चढतात. ऐंशी किलो, एका टोकावर. एकाच बोल्टवर लटकवलेला बोर्ड महिनाभरात खाली वळतो. पेगच्या मूळ जागी एक आणि फ्रेमला दुसरा असा दोन ठिकाणी आधार हवाच. ताकदीला ८.८ ग्रेडच्या खालचा बोल्ट नको, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, थरथरीने सहज न सुटणारा), आणि पहिल्या लांब फेरीनंतर परत पाना लावून बघायचं.

'सगळ्या गाड्यांना बसतील' वाले बहुतेक क्लॅम्पवर असतात, क्रॅश गार्डच्या पाइपाला आवळायचे. हे घेऊ नका. थरथरीने क्लॅम्प फिरतो. उजवा बोर्ड फिरून ब्रेक पेडलच्या खाली आला की पेडल अर्ध्यातच अडतं. आणि गाडी पडली, गार्ड आत वाकला, की बोर्डही आत येतो आणि पाय मधे सापडतो. पेडल पूर्ण दाबून धरा आणि खाली बोटभर मोकळी जागा राहते का ते बघा. राहत नसेल तर फुकट मिळाला तरी नको.

धातूचं म्हणाल तर ओतीव अॅल्युमिनियम दिसायला देखणं, पण दगडावर आपटलं की न सांगता तुटतं. साधं एमएस (माइल्ड स्टील) वाकतं, पण माणगावच्या गॅरेजमध्ये हातोडीने सरळ करून पुढे जाता येतं. पावडर कोटिंग एका पावसाळ्यात खडीने उडतं आणि मग गंज. ३०४ स्टेनलेस महाग आणि जड, पण खाडीच्या हवेत टिकतं. प्लेट अॅल्युमिनियमची आणि बोल्ट लोखंडी असेल तर मध्ये ग्रीस लावा, नाहीतर दोन वर्षांनी बोल्ट ड्रिल करून काढावा लागेल. रबर चिकटवलेलं नको, भोकांतून खाली ओढून बसवलेलं हवं. प्लेटला पाणी जायला भोकं हवीत. साचलेला चिखल आणि ओला बूट यांनी ब्रेकच्या वेळी पाय पुढे घसरतो.

आरटीओग्रस्त

सगळं छान. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचलंय का कुणी? जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीतलं १८२अ(४): परवानगी नसलेले भाग बसवले तर दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दोन बोर्ड म्हणजे दोन बदल धरले तर हिशोब करा.

दंड भरायला आम्ही, आणि रस्ता वापरायला? अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, २१.८ किलोमीटर, दुचाकीला बंदी. पुणे एक्स्प्रेसवेला तर कायमचीच बंदी. उलव्याहून शिवडीला मी वाशीवरून वळसा घालून जातो. हायवेच नाही तर टूरिंग बोर्ड बसवून करायचं काय, नवी मुंबईत पाम बीच रोडवर गोल फिरायचं?

घोडबंदरी

आरटीओग्रस्त, आरसीवर इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, सीसी, सीट किती हे असतं. पायाखाली काय आहे हा रकाना मला दाखवा. सेतूबद्दल शंभर टक्के सहमत, पण तो वेगळा धागा काढा.

आरटीओग्रस्त

रकाना नाक्यावर उभा असलेला हवालदार दाखवेल. शुभेच्छा.

मागच्या_सीटवरची

इतके प्रतिसाद झाले आणि एकालाही मागच्या सीटवर माणूस बसतं हे आठवलं नाही. कमाल आहे.

आमच्याकडे नेरूळला हा सोहळा होऊन गेलाय. नवऱ्याने पुढे बोर्ड लावले, स्वतःचे पाय मजेत पसरले, आणि 'लुक क्लीन दिसतो' म्हणून साडीगार्ड काढून ठेवला. पाम बीचवर माझी ओढणी चाकाकडे गेली. सिग्नलला वेग कमी झाला होता म्हणून चेनने फक्त टोक खाल्लं. मी गळ्यापाशी धरून ठेवलेलं टोक हातातून ओढलं गेल्याची जाणीव अजून आहे. घरी आल्यावर गार्ड माळ्यावरून मीच काढला.

आता गंमत बघा. त्या साडीगार्डला खाली जो पत्रा असतो, एका बाजूला बसणाऱ्या बाईने दोन्ही पाय ठेवायचा, तो काय असतो? फ्लोअरबोर्डच ना? आमच्या सासूबाई गेली कित्येक वर्षं त्यावर पाय ठेवून डोंबिवलीला माहेरी जातात. त्याला कुणी स्कूटर म्हणत नाही, हार्लेही म्हणत नाही. तुम्ही पाय पसरायला मागितला की ते टूरिंग.

पेगपंथी

ताई, ओढणीचं वाईट वाटलं. पण साडी-ओढणी सांभाळत लांबच्या प्रवासाला मोटरसायकलवर बसायचंच कशाला? जीन्स, बूट, हेल्मेट. एका बाजूला बसणं हा मुळातच धोका आहे, तोल जातो.

मागच्या_सीटवरची

अहो, मला टूरला जायचंय असं मी कधी म्हटलं? ओढणी गेली ती भाजी आणताना. तुमची टूर वर्षातून चार वेळा, त्याच गाडीवर लग्न, बारसं, दवाखाना उरलेले सगळे दिवस. सासूबाईंना सत्तरीत जीन्स तुम्ही घालून द्या, मी फोटो काढते.

कळवा_खारेगाव

गार्ड काढणं बेकायदाही आहे, नुसतं मूर्खपणाचं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३: मागे माणूस बसण्याची सोय असेल तर हाताला धरायला पकड, पाय ठेवायची जागा आणि मागचं निम्मं चाक झाकणारं संरक्षण हे कंपनीने देणं बंधनकारक. कपडे चाकात जाऊ नयेत एवढ्यासाठीच तो नियम आहे. आरटीओग्रस्तांनी कलम ५२ पाठ केलं, हे नाही.

आरटीओग्रस्त

तो नियम गाडी बनवणाऱ्या कंपनीसाठी आहे, मालकासाठी नाही. 'निर्मिती' हा शब्द वाचा.

मागच्या_सीटवरची

म्हणजे कंपनीने लावायचा, नवऱ्याने काढायचा, आणि ओढणी माझी. वा!

पेगपंथी

मी एका वाक्यात सुरक्षेबद्दल लिहिलं तर मला स्त्रीद्वेष्टा ठरवताय. असंच असेल तर चर्चा कशाला करायची?

कळवा_खारेगाव

कुणीही ठरवलं नाही, तुम्हीच घाईने फेटा बांधून घेताय. सत्तरीच्या बाईला गाडीवर न्यायचं तर पाय ठेवायला चांगली रुंद जागा हवी, हे मान्य आहे की नाही तेवढं सांगा.

पेगपंथी

मागे मान्य. *मागे.* पुढे नाही.

हार्लेवाले_काका

भांडून झालं असेल तर थोडं ऐका. माझ्याकडे कंपनीच्याच बोर्डची जुनी हार्ले आहे. रोड किंग, हेरिटेज, फॅट बॉय, या गाड्यांना बोर्ड कंपनीतूनच येतात आणि ते वर दुमडतात. वळणावर गाडी आडवी केली की आधी बोर्ड घासतो, आवाज करतो आणि बिजागरीवर वर उचलला जातो. न दुमडणारा बोर्ड टेकला तर तो मागचं चाक रस्त्यावरून उचलतो, मग गाडी तुमची राहत नाही. माळशेजच्या उतारावर डावा बोर्ड घासल्याचा आवाज ऐकला की मी लगेच वेग कमी करतो. बिजागरी नसलेला बोर्ड कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

पेगपंथींचं खड्ड्याबद्दल बरोबर आहे, उठता येत नाही. पण साठीनंतर उठायला पेगही पुरत नाही. बोर्डवरही पाय मागे घेऊन टाचेवर जोर दिला तर बूड थोडं हलकं होतं. उभं राहणं नव्हे, पण माकडहाड वाचतं. माझ्या गुडघ्याला बोर्डशिवाय नाशिकही होत नाही.

आणि ब्रेक. बोर्डवर टाच टेकून चवड्याने ब्रेक लागेल असं समजू नका. मीटिअरचं पेडल पेगच्या उंचीला धरून बसवलंय. बोर्ड त्याहून वर आला तर अख्खा पाय उचलावा लागेल. आधी पेडलची उंची ठरवा, मग बोर्ड.

घोडबंदरी

काका, हे सोन्यासारखं. तुर्भे_एमआयडीसी, क्लॅम्पवाले बाद. साइडस्टँडचं काय? डावा बोर्ड त्याच्यावर येतोय असं दिसतंय.

तुर्भे_एमआयडीसी

येणारच. स्टँड पायाने पाडायला जी दांडी असते ती बोर्डखाली लपते, मग माणूस गाडी टेकवतो आणि स्टँड निघालेलाच नसतो. दांडीला अर्धा इंच तुकडा वेल्ड करून बाहेर काढा. आणि स्टँड वर घेतल्यावर बोर्ड दुमडून बघा, दोघं एकमेकांना लागता कामा नयेत. रविवारी गाडी घेऊन या, मोजमाप घेतो. पुठ्ठ्याचा नमुना कापूनच पुढे जायचं.

पेगपंथी

बसवा, बाबा. बिजागरी, दोन आधार, पेडलखाली बोटभर जागा, स्टँडची दांडी लांब, रबर, भोकं. एवढं सगळं केल्यावर तुम्हाला पेगइतकं चांगलं काहीतरी मिळेल अशी आशा आहे.

मागच्या_सीटवरची

रविवारी नवऱ्याला पण पाठवतेय तुर्भ्याला. मागचे बोर्ड त्याच मापात करून द्या, पण सायलेन्सरच्या बाजूचा बाहेर काढा, पोटरी भाजते. उंची मात्र मी आणि सासूबाई गाडीवर बसून ठरवणार, फोनवर नाही. आणि गार्डला हात लावायचा नाही.