मदत हवी आहे: बाळाचं नाव 'पास्कल', नक्की अर्थ आणि मूळ काय?

नमस्कार मंडळी, आम्ही वसईचे, कॅथलिक. मुलगा दीड महिन्याचा झाला, पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा आहे आणि नाव अजून ठरत नाहीये, सध्या सगळे बाबूच म्हणतात. आमच्या घरात पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची पद्धत. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले, कागदावर पास्कोल पण गावभर पास्कूच. सासूबाई भांडत नाहीत, बाळाच्या पायांना तेल चोळता चोळता 'पास्कू, ए पास्कू' करत राहतात, मग पुढे काय बोलणार! मी मधला मार्ग काढला, पास्कल. तर नवरा (इंजिनिअर) म्हणतो अगं ते प्रेशरचं युनिट आहे, शाळेत पोरं किलोपास्कल म्हणून चिडवतील, आणि पास्कू म्हणजे ईस्टरला जन्मलेला ना, आपला तर ऑगस्टचा.

नेटवर बघितलं तर एका साइटवर अर्थ 'देवाची देणगी', दुसरीवर 'राजकुमार'. त्या साइट्सना सगळीच नावं देवाची देणगी वाटतात. मॅथ्यू, थिओडोर, नथानियल यांचा अर्थ खरंच तो आहे, म्हणजे आपला देवदत्तच, पण थॉमसपुढेही तेच लिहिलंय! थॉमस म्हणजे जुळा, हे तर धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलोय.

तर पास्कल नक्की कुठून आलं? आणि बाप्तिस्म्याला संताचंच नाव लागतं का?

प्रतिसाद १: राजकुमार वगैरे काही नाही. मूळ हिब्रू पेसाह, म्हणजे ज्यूंचा सण, त्याचं ग्रीक-लॅटिनमध्ये पास्का झालं, ईस्टरलाही तेच नाव, त्यावरून पास्कालिस, पोर्तुगीजांचं पास्कोआल आणि आपल्याकडे पास्कोल, पास्कू. मराठी बायबलमध्ये पेसाहला वल्हांडण म्हणतात, म्हणजे ओलांडून जाणं. दुमिंग आणि नाताल पण असेच दिवसावरून, रविवार आणि ख्रिसमस. ऑगस्टचं टेन्शन घेऊ नका, संत पास्कल बायलॉन स्पेनचे, मेंढपाळ होते, जन्म १६ मे १५४०, ईस्टर नव्हे पेन्टेकॉस्टचा (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) दिवस, स्पेनमध्ये त्यालाही पास्कुआ म्हणतात म्हणून हे नाव. सण १७ मेला.

प्रतिसाद २: संताचंच पाहिजे असं आता नाही. १९८३च्या कॅनन लॉमध्ये (कॅथलिक चर्चचा कायदा) एवढंच आहे की नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नारायणच राहिले की.

मूळ धागाकर्ती: खूप आभार दोघांचे! नवऱ्याला वल्हांडण आवडलं, किलोपास्कल बंद झालंय. सासूबाईंना मोठ्या हौसेने वाचून दाखवलं तर म्हणाल्या, हे मला ठाऊक होतं, मला कुणी विचारलं का? आता फक्त जन्मदाखल्यावर पास्कल की पास्कोल एवढंच भांडण उरलंय.