मूळ चित्रपट न पाहता ‘द सिम्पसन्स’मधील विडंबन कळते का?

प्रश्न
‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी मालिकेतील १९९३ चा ‘केप फिअर’ हा भाग पाहून मी पोट धरून हसलो. परंतु तो ज्याचे विडंबन आहे, तो चित्रपट मी पाहिलेला नाही. अशा प्रेक्षकाच्या हातून नेमके काय निसटते?

प्रतिसाद १
‘केप फिअर’ याच नावाचे चित्रपट एक नव्हे, दोन आहेत : १९६२ चा मूळ आणि १९९१ ची मार्टिन स्कॉर्सेसी यांची नवी आवृत्ती. तिच्यात रॉबर्ट डी नीरोचा खलनायक चित्रपटगृहात सिगार ओढत, मुद्दाम मोठमोठ्याने हसत एका कुटुंबाला छळतो. मालिकेत खलनायक साइडशो बॉब हेच करू लागतो, तोच सिम्पसन कुटुंबाचा प्रमुख होमर त्याहून मोठा सिगार पेटवून, त्याहून कर्कश हसून, सुडाने पेटलेल्या बॉबलाच वैताग आणतो. मूळ प्रसंगातली दहशत ठाऊक असली, तर ही गंमत दुप्पट होते.

प्रतिसाद २
वर उत्तर देणाऱ्या ताईंचे म्हणणे पटते. तरी या भागातला सर्वांत गाजलेला विनोद मूळ चित्रपटांतला नाहीच. बॉबचा पाय दाताळ्यावर पडतो, दांडा उसळून तोंडावर आदळतो, तो कण्हत वळतो आणि दुसऱ्या दाताळ्यावर पाय देतो, असे तब्बल ९ वेळा! भागाची लांबी कमी पडत होती, म्हणून हा प्रसंग ताणला गेला.

प्रश्नकर्ता
मी नेमका तिथेच हसलो होतो. आता आधी कोणता चित्रपट पाहू?

प्रतिसाद १
१९६२ चा. त्यातले बर्नार्ड हरमन यांचे संगीत १९९१ मध्येही वापरले गेले, आणि मालिकेनेही तीच धून उचलली. ती तुम्ही लगेच ओळखाल.