चक बेरीची साठी आणि मागचा पियानो
साठीतल्या गायकाचं लाईव्ह रेकॉर्डिंग कशाला ऐकायचं असं कुणी म्हणत असेल, तर अमेरिकन रॉक अँड रोल गायक-गिटारवादक चक बेरीची १९८६ ची सेंट लुईसची कॉन्सर्ट बघाच एकदा, फॉक्स थिएटरमधली. आवाज थोडा बसलाय, मान्य, पण गिटार तीच! रोलिंग स्टोन्स बँडच्या गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सने सगळा बँड जमवलेला, आणि तालमीत त्यालाच चक एका सुरुवातीसाठी परत परत थांबवतो, कीथचा चेहरा बघण्यासारखा होतो (आपले जुने गवई आठवले राव). पण माझ्यासाठी खरा हिरो पियानोवरचा जॉनी जॉन्सन. मुळात १९५२ च्या शेवटी चकच त्याच्या बँडमध्ये आलेला, पुढे नाव चकचं झालं आणि जॉनी बस ड्रायव्हर म्हणून काम करत होता. हेडफोन लावून फक्त त्याचा पियानो ऐका.