शब्दचर्चा: कर्करोगाची ‘स्टेज’ म्हणजे टप्पा का?

नौपाडा, ठाणे
मावशीच्या तळपायावर काळा डाग होता. कुरूप समजून वर्षभर पट्ट्या लावल्या, तो मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा एक कर्करोग, निघाला. कागदावर ‘स्टेज ३’. मी घरी ‘तिसरा टप्पा’ म्हणालो, तर आजीने विचारलं, “मग पहिले दोन कधी होऊन गेले?” मला उत्तर देता येईना. टप्पा म्हटलं की एसटीचे टप्पे आठवतात, एक गेला की पुढचा येणारच. दुसरा शब्द आहे का? ‘अवस्था’ नको, मावशी चांगली हिंडतीफिरती आहे.

नेरूळ
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आजींचा प्रश्न रास्त आहे. निदान झालं तेव्हा आजार कुठवर पोचला होता, ती नोंद म्हणजे स्टेज. नंतर आजार उलटला तरी तो मूळ आकडा बदलत नाही. त्यासाठी तीन गोष्टी बघतात: मूळ जागा (टी), लसिकाग्रंथी (एन, म्हणजे ‘नोड’) आणि दूरच्या अवयवांत प्रसार (एम).

मेलॅनोमात ‘टी’साठी डाग किती रुंद आहे ते मोजत नाहीत. कातडीत तो किती आत उतरलाय ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात, १९७० साली ब्रेस्लो यांनी मांडलेल्या पद्धतीने. १ मिलिमीटरपर्यंत टी१, २ पर्यंत टी२, ४ पर्यंत टी३, त्यापुढे टी४. वरची कातडी फुटून व्रण झाला असेल तर आकड्यापुढे ‘बी’ लागतो. याला आम्ही ‘जाडी’ म्हणतो, पण लोक विचारतात, डाग तर सपाट आहे, जाडी कसली? ‘खोली’ म्हणावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि ‘नोड’ला नुसतं ‘गाठ’ म्हणू नका. मूळ आजारालाही गाठच म्हणतात, मग घरचे घाबरतात.

नौपाडा, ठाणे
अगदी हेच झालं! पायात निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव टोचून, तो जांघेतल्या ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचला तीच काढून तपासली. सेंटिनेल नोड. तिच्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या म्हणून ३. पेट स्कॅनमध्ये दूर कुठे काही नाही, म्हणून ४ नाही. मामा मात्र सगळ्यांना सांगत सुटले, “आता दोन गाठी झाल्यात.”

घणसोली
पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते, तिला आमच्या घरी ‘अवधाण’ म्हणतात. ग्रंथी त्याच ना? ‘अवधाण येतं ती जागा’ म्हटलं तर आजींना चटकन कळेल.

नेरूळ
हो, त्याच! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. फक्त अवधाण आलं म्हणजे कर्करोग, असा अर्थ कुणी काढू नये. ते बहुधा जखमेतल्या जंतुसंसर्गाने येतं.

घणसोली
स्टेजला मी ‘मजल’ सुचवेन. ‘आजाराची मजल कुठवर गेली’ असं आपण बोलतोच.

नेरूळ
वाक्यात छान बसतं. ‘मजल तीन’ असं मात्र कुणी म्हणणार नाही. आकड्याला ‘स्टेज’च राहू दे, समजावताना मजल.

नौपाडा, ठाणे
आजीला सांगितलं, “तळपायाच्या आजाराची मजल अवधाण येतं तिथवर गेली होती, पुढे नाही.” तिने स्वतःच्या जांघेवर हात ठेवून विचारलं, “इथवर?” मी हो म्हणालो. आता मामांना फोन करतो.