‘आकारिक मूल्यमापन’ : नेमका अर्थ आणि कार्यशाळेतील वापर

विचारणा : नाशिकमधील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी फिटर व्यवसायाचा शिल्पनिदेशक आहे. नोंदवहीतील ‘आकारिक मूल्यमापन’ या शब्दांचा अर्थ अनेक प्रशिक्षणार्थी ‘जॉबच्या (म्हणजे सरावासाठी घडवायच्या धातूच्या तुकड्याच्या) आकाराची मापे’ असा लावतात. आमच्याकडे रोज मापेच घेतली जात असल्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. त्यांना कोणता शब्द सांगावा?

उत्तर : ‘आकारिक’ म्हणजे आकाराविषयीचे नव्हे, तर आकार देणारे. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ मध्ये ‘फॉर्मेटिव्ह’ (घडत असताना, सुधारणेसाठी केलेले) आणि ‘समेटिव्ह’ (शेवटी, एकूण निर्णयासाठी केलेले) असा मूल्यमापनातील भेद अभ्यासक्रमांच्या संदर्भात मांडला. विद्यार्थ्यांच्या शिकण्याला तो पुढे शिक्षणमानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी लावला. मराठीत त्याचे ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ झाले. शाळेत ही जोडी रुळली असली, तरी जिथे ‘आकार’ हा शब्द मिलिमीटरशी बांधलेला आहे तिथे ती अडखळते, हे आपले निरीक्षण मला पटते.

माझ्या मते आपल्याला दोन क्रियापदे वेगळी ठेवावी लागतील : जॉब तपासला जातो, शिकणारा पारखला जातो. समजा, दोघांचे जॉब सारख्याच फरकाने चुकले; एकाचा हात कानस चालवताना डुलतो आणि त्यामुळे पृष्ठभाग मधे फुगीर राहतो, तर दुसऱ्याचा हात स्थिर असूनही तो व्हर्निअर या मोजमापाच्या साधनावरची जुळणारी रेघ चुकीची वाचतो. तपासणीत दोघांना सारखेच गुण मिळतील. पारख मात्र एकाला उभे राहण्याची पद्धत बदलायला सांगेल आणि दुसऱ्याला वाचनाचा सराव देईल. ‘पारख’ हा शब्द ‘परीक्षा’ या संस्कृत शब्दापासूनच आला असून त्याच्या मुळाशी ‘सर्व बाजूंनी पाहणे’ हा अर्थ आहे. वर्षअखेरच्या पेपरशी बांधली गेल्यामुळे ‘परीक्षा’ तो अर्थ बराचसा गमावून बसली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढील शंका : मग नोंदवहीत ‘पारख’ लिहावे का?

उत्तर : नोंदवहीतील संज्ञा बदलू नये, कारण ती इतरांनाही वाचायची असते. बोलताना मात्र ‘घडतानाची पारख’ म्हणावे, आणि गुणांच्या शेजारी ‘हात डुलतो’ किंवा ‘रेघ चुकते’ एवढे दोन शब्द लिहावेत. पुढचा जॉब हाती देण्यापूर्वी ते त्या मुलाला वाचून दाखवावेत.