‘ना ङॉल’ : फितूर, घरभेदी की परक्यांचा?

शंका : आयर्लंडमधील लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याला आयरिश भाषेत ‘दिअरमिद ना ङॉल’ म्हणतात. त्याने परकी फौज देशात आणली, म्हणून मराठीत ‘फितूर डर्मट’ लिहिले तर चालेल का?

उत्तर : माझ्या मते लिहू नये. मराठीत फितूर होतो तो किल्लेदार, शिपाई किंवा खटल्यातला साक्षीदार. एका बाजूचा म्हणवून घेत असताना आतून दुसऱ्या बाजूला मिळालेला. डर्मट स्वतःच राजा होता. ११६६ मध्ये राज्य गमावल्यावर तो उघडपणे इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीकडे गेला, त्याच्या परवानगीने त्याने नॉर्मन सरदार जमवले आणि त्यांची पहिली तुकडी ११६९ मध्ये वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर, बॅनोच्या उपसागरात उतरली. पुढच्या वर्षी त्यांच्यातला बडा सरदार स्ट्राँगबो आला, तेव्हा डर्मटने त्याला आपली मुलगी दिली. यात लपूनछपून काहीच नव्हते. लोककथेला मात्र हे राजकारण नको असते. डर्मटने ब्रेफ्नीच्या राजाची राणी पळवली आणि त्यातून परके आले, असे ती सांगते. राणीचे प्रकरण ११५२ मधले आहे, पण मधली १४ वर्षे लोककथा सहज गिळते.

‘घरभेदी’ थोडा जवळचा आहे, तरी त्यात बिभीषणासारखे घरचे गुपित फोडणे येते.

मूळ नावात विश्वासघाताला शब्दच नाही. ‘गॉल’ म्हणजे परका, आणि ‘ना ङॉल’ ही त्याची षष्ठी, जिच्यात आरंभीच्या ‘ग’चा ‘ङ’ होतो (आपल्या वर्णमालेतला हा बिचारा वर्ण शब्दारंभी भेटावा तो आयर्लंडात!). डनिगॉल या परगण्याच्या आयरिश नावातही हेच पद असून त्याचा अर्थ ‘परक्यांचा किल्ला’ असा आहे. तिथले परके म्हणजे व्हायकिंग. किल्ल्याला लागल्यावर जी नुसती माहिती असते, तीच षष्ठी राजाच्या नावाला लागली की शिवी होते. मराठीतला ‘चा’ हे काम चोख करतो, म्हणून ‘परक्यांचा दिअरमिद’ असे लिहावे.

पुन्हा शंका : मग वेक्सफर्डच्या इतिहासात ‘फितूर’ शोभेल असा कोणीच नाही का?

उत्तर : आहे. ११ ऑक्टोबर १६४९ रोजी, इंग्रज सेनापती क्रॉमवेलशी शरणागतीची बोलणी चालू असतानाच, तिथल्या किल्ल्याचा कॅप्टन स्टॅफर्ड याने किल्ला त्याच्या हवाली केला आणि त्यानंतर शहरात कत्तल झाली. आपली लोकस्मृती रायगडाच्या संदर्भात सूर्याजी पिसाळाला ज्या अर्थाने फितूर म्हणते, त्या अर्थाने तो शब्द स्टॅफर्डला लागू पडतो.